तोतारामच्या दारातला शनिवार

माझ्या सासऱ्यांना सगळा गाव देवमाणूस म्हणतो. मी त्यांची सून. लग्न होऊन आले तेव्हापासून त्यांच्याच चुलीवर भाकरी थापतेय, त्यामुळे मला गावापेक्षा जरा जास्त माहिती आहे. ते देवमाणूस आहेत याबद्दल माझं काही म्हणणं नाही. पण देवमाणसाच्या समोर ज्याला उभं राहावं लागतं त्याचे काय हाल होतात, हे कुणी विचारत नाही. ते मला सांगायचंय.

माझे सासरे, पुना नाना, पाटकरी होते. पिंपळनेरच्या अलीकडे पांझरेच्या काठी आमचं गाव. नदीवर जुना दगडी बंधारा आहे आणि त्यातून पाट निघतो. आमच्या फडात, म्हणजे त्या पाटावर भिजणाऱ्या सगळ्या शेतांत, शेतकऱ्याने स्वतः पाणी सोडायचं नाही अशी रीत आहे. गावाने नेमलेले पंच पाळी ठरवतात आणि पाटकरी प्रत्येकाच्या वावराचं दारं, म्हणजे पाटातून पाणी आत घ्यायची वाट, उघडतो, भिजलं की बंद करतो. मालक बांधावर नुसता उभा राहिला तरी चालतं, पण पाण्याला हात लावायचा नाही. त्यामुळे पाटकरी माणूस असा लागतो की ज्याच्यावर कुणाचा संशय नाही. नानांवर नव्हता. गावातली मोठमोठी पाटील मंडळी या आदिवासी ख्रिस्ती माणसाच्या हातात आपलं पीक सोपवून घरी निवांत झोपत.

आमची ख्रिस्ती घरं मोजकीच. नानांच्या वडिलांच्या वेळेपासून घरात येशूचं नाव आहे. पत्र्याचं छोटं चर्च आहे, महिन्यातून एकदा पिंपळनेरहून पाळकसाहेब मोटरसायकलवर येतात. एरवी उपासना नानाच चालवत. त्यांचं वाचन बेताचं, आवाजही काही खास नाही, पण जे वाचलं ते करून बघायचं अशी त्यांना खोडच. सासूबाई अंथरुणाला खिळल्या तेव्हा त्यांचे कपडे नाना नदीवर नेऊन धूत, तेही बायकांच्या घाटावर, भर सकाळी. गडीमाणसं हसायची. नाना पिळे घालून, कपडे खांद्यावर टाकून शांतपणे परत यायचे. पाटात साप निघाला तर फावड्याच्या दांड्यावर उचलून पलीकडे सोडायचे. मी धुळ्याची, शहरात वाढलेली. असा माणूस मी त्याआधी पाहिलेला नव्हता.

तरीही त्यांच्या नम्रतेचा मला कधी कधी राग यायचा. लग्नात गेले की शेवटच्या रांगेत, मांडवाच्या बाहेर, चपलांपाशी जाऊन बसणार. मग यजमान हातात ताट घेऊन "नाना कुठे, नाना कुठे" करत सगळा मांडव पालथा घालणार. नम्रता यांची आणि पायपीट दुसऱ्याची. मी एकदा तसं बोलून दाखवलं. नाना हसले आणि पुढच्या लग्नात पुन्हा तिथेच जाऊन बसले.

तोताराम आबा त्यांचे लहानपणापासूनचे सोबती. मराठा शेतकरी, चांगली बागायत, आवाज गाडीच्या हॉर्नसारखा. दोघांनी एकत्र गुरं राखलेली. ज्या काळात आमच्या वस्तीत पाणी प्यायला लोक काचकूच करत, त्या काळात तोताराम आमच्या ओट्यावर बसून कळण्याची भाकरी आणि मिरचीचा ठेचा मागून खायचे. नाताळला पाहुणे आणायला त्यांच्याच ट्रॅक्टरची ट्रॉली जायची. पोळ्याला नाना त्यांच्या बैलांच्या शिंगांना रंग लावायला पहिले हजर. मी नवी नवरी असताना तोताराम आबांनीच मला सांगितलं होतं, की पोरी, तुझा सासरा साधा आहे, त्याला सांभाळ. कोण कोणाला सांभाळणार होतं, ते पुढे दिसलंच.

त्या वर्षी पाऊस ओढ देऊन गेला आणि बंधाऱ्यात पाणी कमी. पंचांनी ठरवलं की वरच्या अर्ध्या फडालाच पाणी द्यायचं, खालच्यांनी थांबायचं. तोतारामांचा कांदा खालच्या अंगाला होता. चांगली तरारलेली लागवड डोळ्यांदेखत माना टाकू लागली. एका सकाळी त्यांनी स्वतः फावडं घेतलं आणि दारं फोडून पाणी वावरात घेतलं. ही चूक त्यांची होती, त्यात वाद नाही. पण आपलं पीक वाळताना बघून कुणाचंही डोकं ठिकाणावर राहत नाही.

नाना तिथे आले. काही न बोलता वाकले आणि माती-गवताचा बोळा करून दारं बंद करू लागले. बांधावर माणसं जमलेली होती. तोताराम ओरडले, "मनं वावर सुकी ऱ्हायनं, अन तू माले नियम शिकाडस?" नाना बोळा दाबतच राहिले. तेव्हा तोतारामांनी त्यांना उठवून उभं केलं आणि थोबाडीत मारली.

इथवर झालं असतं तर ते दोन मित्रांचं भांडण होतं. संध्याकाळपर्यंत मिटलंही असतं. नानांनी उलटून शिवी दिली असती, ढकललं असतं, निदान रडले असते तरी चाललं असतं. पण नानांनी काय करावं? सगळ्या गावासमोर दुसरा गाल पुढे केला आणि म्हणाले, "आखो मारनं व्हई तं मार, तोताराम."

तोतारामांचा हात तसाच राहिला. मग त्यांनी फावडं तिथेच टाकलं आणि मान खाली घालून घरी गेले. ते फावडं नानांनी संध्याकाळी धुऊन, पुसून त्यांच्या ओट्यावर नेऊन ठेवलं. तेही चारचौघांत.

आमच्या वस्तीतली माणसं खवळली होती. केस करा म्हणत होती. कायदाही आमच्या बाजूचा होता. माझा नवरा किरण तर मोटरसायकल काढून निघालाच होता. नाना दारात आडवे उभे राहिले. म्हणाले, माझ्या मित्राला पोलिसांत द्यायचं असेल तर माझ्या अंगावरून जा. किरण दोन दिवस बापाशी बोलला नाही. त्या दिवशी मला मात्र सासऱ्यांचा अभिमान वाटला, आणि त्या एका गोष्टीबद्दल तो अजूनही वाटतो.

पुढच्या रविवारी प्रभुभोजन होतं. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते, महिन्याच्या पहिल्या रविवारी पाळकसाहेब भाकरीचे तुकडे आणि द्राक्षरसाचे छोटे प्याले घेऊन रांगेने फिरतात. येशूने आपल्यासाठी देह दिला त्याची ती आठवण. ती घेण्याआधी ज्याचं आपल्याशी बिनसलं असेल त्याच्याशी समेट करून यावं, अशी येशूची शिकवण आहे. आम्ही सगळे ती ऐकतो आणि मनातल्या मनात समेट करून हात पुढे करतो. नानांनी हात पुढे केला नाही. ताट त्यांच्यासमोर आलं तेव्हा मान हलवली. पाळकसाहेब क्षणभर थांबले आणि पुढे गेले.

तेव्हापासून नानांचा नेम सुरू झाला. पहिल्या रविवारच्या आदल्या दिवशी, शनिवारी, दिवस मावळायच्या आधी अंघोळ करून, स्वच्छ सदरा घालून ते तोतारामच्या दारात जात. अंगणात उभे राहून हात जोडत. "तोताराम, माले माफ कर भो," एवढंच म्हणत. तोताराम आत असत पण बाहेर येत नसत. नाना थोडा वेळ उभे राहत आणि परत येत. दुसऱ्या दिवशी ताट पुढे आलं की मान हलवत. असं वर्षानुवर्षं चाललं.

आता गाव लहान. चर्चमध्ये कोण काय घेतं, काय घेत नाही, ही गोष्ट सोमवारपर्यंत चक्कीवर पोचते. हिंदू बायाबापड्यांना प्रभुभोजन म्हणजे काय ते कुठून कळणार? त्यांना एवढंच कळलं की पुना नाना आपल्या देवाचं जेवण घेत नाहीत आणि ते तोतारामपायी. म्हणजे उपासच की. कुणाच्या दारात कुणी उपाशी बसावं आणि त्या घराचं बरं व्हावं, हे आमच्याकडे कुणाच्याही मनाला पटत नाही. तोतारामची म्हैस मेली तेव्हा लोक बोलले. विहिरीचं पाणी खाली गेलं तेव्हाही बोलले. नानांनी कधी कुणाला शाप दिला नाही, वाईट शब्द काढला नाही. पण गावाने त्यांचा उपास म्हणजे शापच मानला. तोतारामनेही.

तोताराम आबा चावडीवर यायचे बंद झाले. लोक त्यांच्याशी बोलताना जरा आखडून बोलायचे. नानांबद्दल मात्र सगळ्यांच्या तोंडात गूळ. एका थोबाडीचे इतकी वर्षं भोग भोगणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही, आणि मारणारा तो होता, मार खाणारा नव्हे.

मग प्रेमराजचं लग्न मोडलं. प्रेमराज हा तोतारामांचा एकुलता मुलगा, शांत पोरगा, ड्रिपचं सामान विकण्याचं दुकान चालवतो. सोनगीरची मुलगी पसंत पडली होती, सुपारी फुटायची होती. मुलीकडचे चौकशीला आले आणि त्यांना बसस्टॅंडवरच कुणीतरी सांगितलं, की हे तेच घर ज्यांच्यामुळे एक म्हातारा देवाचा घास तोंडात घालत नाही. सोनगीरकरांनी चहा घेतला, पत्रिका जुळत नाही म्हणाले आणि गेले.

त्यानंतर काही दिवसांनी तोतारामांच्या बायको, सुनंदाबाई, माझ्या अंगणवाडीत आल्या. पोरं घरी गेली होती, मी खिचडीची पातेली घासत होते. त्या खाली बसल्या, पदर तोंडाला लावला. मग म्हणाल्या, "दिपमाला, तुना सासरासले सांग माय. दर महिनाले दारमा उभा ऱ्हातस. बठ्ठी गल्ली देखस. मना माणूस कोपरामा तोंड लपाडीसन बठस."

मी म्हटलं, अहो पण नाना माफीच मागतात ना, आबांनी एकदा बाहेर येऊन हो म्हटलं की झालं.

"काय हो म्हनतीन? चूक त्यासनी व्हती, माफी पुनाभाऊ मांगतस. त्यानावर काय बोलनं? त्यासले सांग, जेवा म्हना. आमले मोकळं करा."

मला तेव्हा लख्ख दिसलं. मारणाऱ्याला माफी मागायची जागाच नानांनी ठेवली नव्हती. ती त्यांनी स्वतःच घेऊन टाकली होती आणि दर महिन्याला सगळ्या गल्लीसमोर तिथे जाऊन उभे राहत होते. तोताराम बाहेर आले असते तर काय म्हणाले असते? माफ केलं म्हणायला त्यांना तोंड नव्हतं, आणि मला माफ कर म्हणायला नाना जागा देत नव्हते.

घरी येऊन मी नानांना सगळं सांगितलं. मला राखून ठेवून बोलता येत नाही. म्हटलं, तुमचा हा शनिवार बंद करा. तुमच्या नेमापायी त्या पोराचं लग्न मोडलं. तुम्ही येशूचं ऐकता की गावाकडून वाहवा ऐकता, एकदा ठरवा.

किरण मला गप्प करायला उठला. नानांनी त्याला बसवलं. मग जेवण अर्धवट सोडून उठले. मला वाटलं, पटलं. पण पुढच्या शनिवारी अंघोळ करून, सदरा घालून ते दाराशी आले तेव्हा मी बघतच राहिले. मला म्हणाले, "समेट व्हवाबिगर मी घास कसा लिऊ? तो एकदाव फक्त 'पुना' म्हनीसन हाक मारी, मंग लिसु." म्हणजे शेवटी त्यांना तेच हवं होतं. आपला मित्र परत हवा होता. ते मला कळत होतं आणि म्हणूनच जास्त राग येत होता. मित्र हवा होता तर शेताच्या बांधावर एकटं गाठून त्याच्या पाठीत एक धपका घालायचा होता. अंगणात हात जोडून मित्र मिळत नाही.

असे आणखी काही महिने गेले. मग उन्हाळ्यात तोताराम आबांना लकव्याचा झटका आला. प्रेमराजने गाडी करून त्यांना धुळ्याला दवाखान्यात नेलं.

ती बातमी आमच्या वस्तीत आली तेव्हा नाना ओट्यावर बसले होते. आमच्याच मंडळीतली एक म्हातारी, कौतिकबाई, काठी टेकत आली आणि समाधानाने म्हणाली, "नाना, देवनी न्याय करा. तुमना उपास वाया नही गया." तिला वाटलं, नाना खूश होतील. नाना तिच्याकडे बघत राहिले. त्यांच्या हातातला चहाचा कप तसाच निवून गेला.

पहिला रविवार जवळच होता. शनिवारी ते कुठेच गेले नाहीत. रविवारी पाळकसाहेब ताट घेऊन आले आणि सवयीने नानांना ओलांडून पुढे जाऊ लागले, तेव्हा नानांनी त्यांचा झगा धरला. भाकरीचा तुकडा घेतला आणि तोंडात घातला. मागच्या बाकांवर कुजबुज झाली. उपासना संपल्यावर मला म्हणाले, उद्या धुळ्याला जायचं, तू चल, मला दवाखाना सापडणार नाही.

तोताराम आबांना ओळखणं कठीण होतं. एवढा मोठा गडी अर्ध्या खाटेत मावत होता. तोंड एका बाजूला ओढलेलं, बोलणं जड. सुनंदाबाई उशाशी होत्या. नानांना पाहून त्या उठून उभ्या राहिल्या, घाबरल्याच. त्यांना वाटलं असणार, हे आता इथेही हात जोडणार. नानांनी हात जोडले नाहीत. खाटेच्या कडेला बसले आणि म्हणाले, "तोताराम, मी काल घास लिना. खादं मी."

तोताराम बघत राहिले. समजायला वेळ लागला. मग ओढलेल्या तोंडाने विचारलं, "खादं?"

"हा. खादं."

"मंग आते मनामुये काही अडेल नही ना?"

"नही रे. काहीच नही."

तोतारामांनी डोळे मिटले. मिटलेल्या डोळ्यांतून पाणी उशीवर ओघळत राहिलं आणि सुनंदाबाई ते पदराने टिपत राहिल्या. बऱ्याच वेळाने त्यांनी डोळे उघडले आणि एकेक शब्द लावत म्हणाले, "इतलंच करनं व्हतं, तं इतला वरीस काबर नही करं, पुना?"

'पुना' ही हाक त्यांनी मारली होती. पण नाना त्या हाकेला ओ देऊ शकले नाहीत. तोतारामचा चांगला हात दोन्ही हातांत धरून ते नुसते बसून राहिले, आणि मग भेटीची वेळ संपली म्हणून नर्सने आम्हाला बाहेर काढलं.

परतीच्या एसटीत नाना खिडकीपाशी बसले होते. साक्री मागे पडली. मग माझ्याकडे न बघताच म्हणाले, "पोरी, मी हात जोडू, पन मनमा वाटे, हात त्यानी जोडाले पाहिजेत." इतकी वर्षं मला जे ऐकायचं होतं तेच ते बोलले होते, आणि आता ऐकून मला फार वाईट वाटलं. ते म्हातारे दिसत होते. सदऱ्याची कॉलर झिजलेली होती, ती मला त्याच दिवशी दिसली.

तोताराम आबा त्याच आठवड्यात गेले. नाना अंत्ययात्रेत सगळ्यांच्या मागे नव्हते, खांदा द्यायला पुढे होते, आणि रडत होते, मोठ्याने, लोक बघत असतानाही. प्रेमराजने त्यांना धरलं. पोराच्या मनात काही नव्हतं. त्याने पुढे दुसरीकडे लग्न जमवलं तेव्हा पहिला निरोप आमच्याकडेच आला. पण तो चांगला वागतो म्हणून नानांचं मन हलकं होत नाही. उलट जड होतं.

नाना आता दर महिन्याला प्रभुभोजन घेतात. घेऊन घरी आले की दुपारचं जेवत नाहीत, आत जाऊन पडून राहतात. मी हाक मारत नाही.

तोताराम गेल्यानंतरच्या महिन्यात पाळकसाहेब घरी आले होते. चहा पिता पिता मोठ्या आदराने नानांना म्हणाले, की येत्या रविवारी मी तुमचीच गोष्ट प्रवचनात सांगणार आहे. शत्रूवर प्रीती कशी करावी, इतकी वर्षं न थकता त्याच्या दारात कसं जावं, ते लोकांना कळलं पाहिजे.

नाना खाटेवरून उठले, त्यांच्यासमोर खाली जमिनीवर बसले आणि म्हणाले, "नका सांगू, साहेब. लोके आखो मालेच चांगला म्हनतीन, अन तो आखो वाईट ठरी. आते तं तो भांडाले बी नही शे."